भिलाई सेंटरचा फोन

ब्राह्मणपारा, रायपूर
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय विनायक भावजी,

सप्रेम नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? नागपूरची संत्री पोचली. निम्मी शेजारी वाटली, निम्मी आम्ही दोघांनी अंगणात बसून खाल्ली.

आधी विजयाची बातमी. आमचा टीव्ही आणि इंटरनेट, दोन्ही काल सुरू झाले. तीन महिने भांडले आणि जिंकले.

ऑगस्टमध्ये गल्ली खोदली, त्यात तार तुटली. तक्रार केली की दोन दिवसांनी मोबाइलवर यायचं, ‘आपकी शिकायत का समाधान हो गया है.’ पडदा काळा तो काळाच. असं अकरा वेळा समाधान झालं. शेवटी पंडरीला कंपनीच्या ऑफिसात गेले. म्हणे आता फायबर बसवावं लागेल, आणि त्यासाठी खातेदारानं फोनवर स्वतः नाव सांगून होकार द्यायचा; ते रेकॉर्ड होतं. खातं तुमच्या दादांच्या नावावर. मी त्यांची बायको आहे, लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, असं सांगितलं. काउंटरवरचा म्हणाला, "दीदी, सिस्टम नहीं मानता."

घरी येऊन, शाळेत सिस्टर शिकवायच्या तसा समास सोडून, सुवाच्य इंग्रजीत अर्ज लिहिला. उत्तर नाही. मग लबाडी केली. कंपनीचा फोन आला तेव्हा आवाज जाड करून म्हटलं, "हव, मैं नरहरी." पलीकडची मुलगी म्हणाली, "मैम, सुबह आपने ही बात की थी ना?" शाळेच्या नाटकात मी दाढी लावून राजा झाले होते, तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, वहिनी, फोन दादांनाच का नाही दिला?

पुढचं वाक्य लिहायच्या आधी तीनदा चहा करून झाला, भावजी. श्रावणात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. आता काठी घेऊन अंगणापर्यंत जातात, जेवण हातानं करतात. पण वाचा गेली. सगळं समजतं, शब्द मात्र एकही फुटेना. तुम्ही फोन केलात की मी म्हणायची, झोपलेत, फिरायला गेलेत. ‘दादाले व्हिडिओवर दाखवा न वहिनी,’ म्हणालात की म्हणायची, नेट बंद आहे. ते खरंच बंद होतं. मला ते सोयीचं होतं, हेही खरं. रेल्वेच्या कंट्रोलमधून येणाऱ्या ज्या आवाजावर तुम्ही तिल्दा स्टेशनात बसून गाड्या सोडल्या, तो आवाज गेला हे तुम्हाला सांगणं माझ्या हातून होईना.

मग टीव्हीसाठी का भांडत होते? डॉक्टर म्हणाले होते, माणसांचे आवाज कानावर पडू द्या. मी एकटी किती बोलणार?

बुधवारी दुपारी पुन्हा फोन आला. आता वेगळी मुलगी. मी थकून खरं सांगितलं, बेटा, ते बोलत नाहीत. ती म्हणाली, "आंटी, एक बार उनके कान पे लगाइए तो." मी लावला.

"नमस्ते सर, भिलाई सेंटर से पायल बोल रही हूं."

तुमचे दादा ताठ बसले. फोन माझ्या हातून घेऊन डाव्या कानाशी धरला, ड्यूटीवर धरायचे तसा. उजव्या हाताची बोटं चादरीवर पेन्सिल शोधू लागली.

"हां भिलाई," ते म्हणाले, "बोलो."

मी पलंगाचा दांडा धरून उभी.

"सर, आपका शुभ नाम?"

"नरहरी. सेक्शन कंट्रोलर, रायपुर."

"नया कनेक्शन लगा दें सर? आपकी सहमति है?"

खूप वेळ लागला. कपाळावर घाम आला. मग म्हणाले, "हव." आणि वर, "जल्दी करना, भिलाई."

फोन ठेवून माझ्याकडे पाहिलं. "काहून रडून राहिली?"

तीस वर्षं कानावर आधी स्टेशनचं नाव यायचं, मग तुमचे दादा उत्तर द्यायचे. ती वाट कुठेतरी शाबूत राहिली असावी. नावानं हाक मारली की अजून गप्पच असतात. काल मी स्वयंपाकघरातून फोन लावून ‘दुर्ग’ म्हणून पाहिलं, तर दाराकडे बघून नुसते हसले. मी काही स्टेशन नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

काल माणूस येऊन तार जोडून गेला. बाराव्यांदा समाधानाचा निरोप आला तेव्हा पहिल्यांदाच ‘हो’ दाबलं. आता नेट आहे, तरी व्हिडिओ नको. २३ तारखेच्या रविवारी सकाळी आठला, त्यांच्या ड्यूटीच्या वेळी, साधा फोन करा. मी काही न बोलता त्यांच्या हातात देईन. दादा म्हणू नका, आवाज कापू देऊ नका. एवढंच म्हणा, ‘कंट्रोल, तिल्दा बोल रहा हूं.’ आणि थांबा. त्यांना वेळ लागतो.

लपवल्याबद्दल मला रागवायचं असेल तर ते नंतर.

दादांचे आशीर्वाद या पत्रात मी लिहीत नाही. ते रविवारी स्वतः देतील.

तुमची,
वनमाला वहिनी