ट्यारविक क्लबची कागदावरची तारीख

उइटहॉर्न, रविवार, १५ फेब्रुवारी

प्रिय समता,

मागच्या आठवड्यात तू चेष्टेत विचारलंस, की आपल्या घरात विकत न आणलेलं असं काय आहे? मी खरंच यादी केली. जेवणाचं टेबल, बीचच्या लाकडाचं, एकही खिळा नाही, नुसते सांधे. तुझ्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट. तुला शाळेत न्यायची सायकलमागची गाडी. आईची पापड वाळवायची तीन घड्यांची जाळी. मुलांच्या मराठी वर्गाचं वेळापत्रक लावणारा प्रोग्रॅम. आणि नॉर्वेतल्या ट्यारविक फुटबॉल क्लबचा इतिहास: २०८ पानं, सोळा-सोळा पानांचे तेरा फर्मे, हातानं शिवलेले. यातलं काहीच मला कुणी शिकवलं नाही. तुझी आई म्हणते, “कुणी शिकवलं असतं तर लवकर तरी झालं असतं!”

तू तेव्हा बारा वर्षांची होतीस, म्हणून हे तुला नीट माहीत नसेल. कंपनीनं मला ट्यारविकच्या मासळी कारखान्यात वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर बसवायला तीन आठवडे धाडलं होतं. रविवारी सगळं बंद, म्हणून मॅच बघायला गेलो. प्रेक्षक एक्केचाळीस, कुत्रा धरून. एका गोलमागं थेट समुद्र. बॉल पाण्यात गेला की तो काढायला एक म्हातारा जाळं घेऊन होडीत बसलेला. मी विचारलं, या होडीत पहिल्यांदा कोण बसलं? कुणालाच माहीत नव्हतं. वर हसले, की भारतातला माणूस हॉलंडहून येतो काय आणि आमच्या होडीची चौकशी करतो काय! मला मात्र चैन पडेना. ज्या गोष्टीवर शंभर वर्षं गाव जमतं, तिची सुरुवात कुणालाच ठाऊक नाही, हे कसं चालेल?

डच येत होतं, त्यामुळे नॉर्वेजियन वाचण्यापुरतं दीड वर्षात जमलं. पुढं दर सुट्टीत मी कुठं जायचो, हे तुम्ही दोघींनी सोसलंच आहे. क्लबच्या भिंतीवर पहिल्या टीमचा फोटो आहे, खाली लिहिलंय १९२६. गोलकीपर म्हणजे गावचा बेकर, इव्हार. नावं जुळवत चर्चच्या नोंदवहीत गेलो, तर हा इव्हार बायको आणि दोन मुलांसह गावात आला १९२८च्या सप्टेंबरात. मग १९२६च्या फोटोत तो गोलपोस्टखाली उभा कसा?

या एका प्रश्नानं माझी दोन वर्षं खाल्ली. उत्तर सापडलं नगरपालिकेच्या १९३१च्या ठरावात. समुद्राकाठची जागा मैदानासाठी द्यायची होती, पण किमान पाच वर्षं जुन्या क्लबलाच. ट्यारविकचा क्लब तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. या लोकांनी काय केलं, तर १९२९चा फोटो घेतला, खाली १९२६ घातलं, आणि पहिल्या सभेचं इतिवृत्त मागाहून लिहून काढलं. मैदान मिळालं.

मी ते वाचलं आणि एकटाच मोठ्यानं हसलो. हे तर आमचे धनविजय गुरुजी! तुझ्या आजीनं, राधाबाईनं, मला हाताला धरून शाळेत नेलं तेव्हा सहा वर्षं पूर्ण नव्हती. आजी म्हणाली, “पोरगं हुशार हाय गुरुजी, घ्या ना.” गुरुजी म्हणाले, “जून एक लिवतो. सायबाले काय समजते?” तसा मी एक जूनचा झालो. आपल्या विहाराच्या ग्रुपवर एक जूनला सात जणांचे वाढदिवस येतात, ते काय उगाच? एखादा नॉर्वेचा प्रोफेसर त्या फोटोपुढून शंभर वेळा गेला असता. मला ती चलाखी ओळखू आली, कारण मी स्वतः तिच्यातून निघालोय.

तू फोनवर म्हणालीस, “बाबा, तीन वर्षांनी कुणाला काय फरक पडतो? तुझ्या पासपोर्टवर तरी कुठं खरी तारीख आहे?” बरोबर आहे, नाही. आणि गुरुजींवर माझा राग नाही, ट्यारविकवर तर मुळीच नाही. त्या खोट्यानं मला शाळा मिळाली, त्यांना मैदान. पण आजी दरवर्षी १८ ऑक्टोबरला माझ्या ताटात शिरा वाढायची आणि म्हणायची, “आज खरा.” कागदावर एक तारीख होती, घरात दुसरी, आणि घरातली कुणी पुसली नाही. ट्यारविकमध्ये घरातली तारीख सांगणारं कुणी उरलेलं नाही. आज ती फक्त मला माहीत आहे. मी पहिल्या प्रकरणात दोन्ही लिहिल्या, कौतुकानं लिहिल्या. मला वाटलं होतं, खूश होतील.

आता खरं कारण. या उन्हाळ्यात त्यांची शताब्दी आहे, मगांवर, झेंड्यांवर १९२६ छापून झालंय. माझं पुस्तक पानापानानं स्कॅन करून क्लबला पाठवलंस तू, त्यासाठी डेल्फ्टमधले तुझे दोन शनिवार गेले, म्हणून तुला आधी कळायला हवं. गुरुवारी सेक्रेटरी ओडव्हारचा फोन आला. भला माणूस, आधी माफी मागून मग बोलला. शुक्रवारी तू पुस्तकाचं विचारलंस तेव्हा मी “बघू” म्हणालो, ते खरं नव्हतं. तोवर मी त्याला नाही म्हणून कळवलं होतं. पुस्तक छापलं जाणार नाही. तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही, तिला मीच सांगेन. तुला वाईट वाटेल, रागही येईल, ये आणि भांड. पण मी काय नाकारलं ते नेमकं माहीत असू दे, नंतर कमी-जास्त नको: पाचशे प्रती, कापडी बांधणी, कव्हरवर माझं नाव, समारंभाला आपल्या तिघांचं विमानाचं भाडं, आणि पहिलं प्रकरण गाळायचे ऐंशी हजार क्रोनर.

तुझाच,
बाबा