वायफाय चालू हाय

शिरूर कासार
दि. २३ जानेवारी २०२५

प्रिय वर्षाताई,

बबिताचा नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत. तुमचे दादा आष्टीला बाजाराला गेलेत. तुम्ही म्हणाल, एरवी मेसेज करणारी वहिनी आज कागद घेऊन कशी बसली? सांगते.

तुम्ही पाठवलेला इंटरनेटचा रेडिओ लागला बाई एकदाचा. लई छळलं त्यानं. आपल्या झेरॉक्सच्या दुकानातलं वायफाय त्याला दिसायचं, पण पासवर्ड काही घेईना. एकच गोल बटण फिरवून एकेक अक्षर शोधायचं अन् दाबायचं. शेवटी वायफाय बसवणाऱ्या शिवशंकरला फोन लावला.

"वहिनी, पहिलं अक्षर कॅपिटल हाय. बारकं टाकलं तर ते घेत न्हाई."

तेवढं केलं अन् जोडला गेला. पडवीत तात्यांच्या बाजेपाशी नेला तर पुन्हा बंद. मधली भिंत दगडी, तिथवर रेंज पोचत नाही. मग तात्यांचीच बाज मधल्या खोलीत आणली. तुमचं स्टेशन एक नंबरच्या बटणावर ठेवलं आणि त्या बटणाला लोकरीचा बारका गोळा चिकटवला, म्हणजे हाताला लागावं.

तुमचं नाव मी सांगितलं नव्हतं. सोयरीक मोडून तुम्ही पुण्याला गेलात, तेव्हापासून घरात तुमचा विषय निघाला की तात्या उठून मेंढरांकडं जायचे. मी म्हणाले, रेडिओ ह्यांनी आणलाय. पहिल्या सकाळी तुमचा ऊसतोडीच्या बायकांचा कार्यक्रम लागला. फडावरच्या बायांना तुम्ही विचारत होतात, पोरं कुणापाशी ठेवलीत, पाणी कुठून आणता. तात्या ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, "चहा गार झाला." दुसऱ्या दिवसापासून मात्र कार्यक्रमाच्या आधीच आंघोळ उरकून, पटका बांधून बसायला लागले.

परवा मंगळवारी तुमच्या जागी कुणी बाप्या बोलत होता.

"बबिता, वायफाय गेलं."

"न्हाई तात्या, चालू हाय. बोलतोय की त्यो."

"गेलंय. बंद करून चालू कर."

केलं. पुन्हा तोच माणूस. काल पण तोच. गिऱ्हाईक सोडून मला दुकानातून बोलावलं आणि माघारी पाठवून राउटरचा दिवा बघायला लावला. मी येऊन म्हणाले, हिरवा हाय.

"मग ती कावून बोलंना?"

आपण काय बोलून गेलो ते त्यांनाही कळलं. पटका काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "पैल्याच दिवशी वळखलं मी. माज्या पोरीचा आवाज मला कळत न्हाई व्हय?"

मी विचारलं, "फोन लावू?"

"नको. फोनवर मला न्हाई जमायचं. लिही."

म्हणून लिहिते. घसा बसलाय का, ताप आलाय का, वेळेवर जेवती का, एवढं विचार म्हणालेत. गावाकडं कधी येणार, हे त्यांनी सांगितलेलं नाही. ते मी विचारतेय.

ताई, ते आत्ता माझ्यासमोरच बसलेत. "माज्या डोळ्यांचं काई लिहू नको," असं बजावलंय. मी तुम्हाला म्हणाले होते की नगरचं ऑपरेशन चांगलं झालं. नाही झालं. साखरेनं आतला पडदा खराब केलाय, डॉक्टर म्हणाले उशीर झाला. दिवाळीपासून त्यांना नुसता उजेड तेवढा कळतो. मेंढरं विकून टाकली. घेणारे कळप घेऊन गेले तेव्हा तात्या एकेकीच्या पाठीवर हात फिरवत उभे होते. तुम्हाला कळवू नका म्हणाले, म्हणून आम्ही कुणी कळवलं नाही.

आता मी काय लिहिते ते त्यांना दिसत नाही, म्हणून लिहिता येतंय. "एवढं काय लिहितीस?" विचारतायत. मी म्हणाले, पत्ता.

माझ्या नावाखाली वाकडी सही आहे, ती त्यांची. पेन कुठं टेकवायचं ते मी दाखवलं, नाव त्यांनीच काढलं. शेवटी विचारलं, तात्या, आशीर्वाद लिहू का? तर म्हणाले, "ते कागदावर नको. ती आली की डोक्यावर हात ठिवीन."

तुमची वहिनी
बबिता

बबनराव