निवेदनाच्या चौथ्या ओळीविषयी

॥ श्री ॥

देऊळवाडी, ता. मालवण
कार्तिक शुद्ध अष्टमी, शके १९०७

वाणी देणारा आणि योग्य वेळी ती आवरण्याची बुद्धीही देणारा जो परमेश्वर, त्याच्या कृपेस प्रथम वंदन, मग मजकूर.

चि. शुभदा हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

येथे क्षेम आहे. भात झोडून झाले. गुडघा पूर्ववत, म्हणजे दुखतो. तू दसऱ्याला ठेवून गेलेला टेपरेकॉर्डर सोवळ्याओवळ्याची फारशी चौकशी न करता माझ्या पोथ्यांच्या फळीवर जाऊन बसला आहे.

तुझी तीन पत्रे पोचली. तिन्हींत एकच हट्ट. तुझा पहिला चित्रपट तुझ्या आईवर आहे. त्याच्या आरंभी पडद्यावर आपली खाडी, माणसे पार नेणारी तर आणि आपले घर दिसेल. त्यावर न दिसणाऱ्या माणसाचे निवेदन ऐकू येईल आणि तो आवाज माझाच हवा. "बाबा, अवघ्या पाच ओळी आहेत, एवढे काय अवघड आहे?" असे तिसऱ्या पत्रात विचारले आहेस. विचारलेच आहेस तर ऐक.

पहिली ओळ: "हे आमचे गाव, खाडीच्या काठी वसलेले." अगं, पडद्यावर खाडी आहे, काठ आहे आणि गावही आहे. तिकीट काढून आलेला मनुष्य आंधळा असतो अशी तुम्हा मंडळींची समजूत आहे काय? दुसरी ओळ: "त्या श्रावणात पाऊस फार होता." तो तू दाखवणारच आहेस. आंबोलीला जाऊन चार दिवस भिजत त्याचे चित्रण केलेस, असे तूच कळवलेस. मग मी तो पुन्हा कशाला पाडायचा? तिसरी ओळ: "पलीकडच्या देवळात माझी पोथी चालू होती." देऊळ दाखव, पोथी दाखव, वाचणारा दाखव. संपले.

पाचवी ओळ तर मला मुळीच मान्य नाही. "जे घडले ती ईश्वरेच्छा होती." ईश्वराची इच्छा काय होती हे साठ वर्षे पोथ्या वाचून मला कळले नाही, तुला चित्रपटाच्या पहिल्या मिनिटाला कसे कळले?

आपल्या पुराणांत निवेदन नाही असे नव्हे. पण तिथे वक्ता आपण होऊन बोलत नाही. कोणीतरी समोर बसून, हात जोडून, "पुढे काय झाले?" असे विचारतो, मग तो तोंड उघडतो. आणि ज्या वाणीला शरीर नाही, ती तर सगळ्या कथेत एखाद्याच वेळी ऐकू येते. पृथ्वीवर खरे बोलणारा कोणी उरला नाही की ती बोलते. तेही एक वाक्य. तुझी अशरीरिणी वाणी हवापाणी सांगत सुटली आहे.

तेव्हा हे निवेदन काढून टाक. माझा घसाही आता बसलेला असतो.

कार्तिक शुद्ध दशमी

परवाचे पत्र टपालात टाकले नाही. पेटीपर्यंत जाऊन परत आलो. कालचा दिवस त्या यंत्राशी झगडण्यात गेला. पहिली, दुसरी, तिसरी ओळ तुझ्या मर्जीप्रमाणे बोललो आणि तिथे थांबलो. बटण दाबले, पुन्हा आरंभ केला, पुन्हा तिथेच थांबलो. असे सात वेळा झाले. माझाच मला इतका वैताग आला की यंत्र उचलून विहिरीत टाकावे असे वाटले.

परवाच्या मजकुरात मी चार ओळींना नावे ठेवली आणि चौथीला स्पर्शही केला नाही, हे तुझ्या लक्षात आले असेल. नसेल तर आता येऊ दे. ती ओळ अशी: "निरोप घेऊन निघालेली बाई तरीवर अडकली, म्हणून मला घरी पोहोचायला उशीर झाला."

ती बाई कोण हे तू लिहिले नाहीस, पण गावात प्रत्येकाला ठाऊक आहे. तुझा दोष नाही. तू तेव्हा नऊ वर्षांची, खारेपाटणला मामाकडे शाळेत होतीस. जे सर्वांनी सांगितले तेच तू लिहिलेस.

शुभदा, शेवंती कोठेही अडकली नव्हती.

तुझ्या आईला, जानकीला, पहाटेपासून धाप लागली होती. मध्यान्हीआधी शेवंती खाडीवरची तर पकडून देवळात पोचली. मी अध्यायाच्या मध्यावर होतो. ती पायरीशी भिजून उभी राहिली आणि पोथी चालू असताना कोणी बोलत नाही तो दंडक मोडून मोठ्याने बोलली. मी ऐकले, आणि डावा हात वर करून तिला थांबायला सांगितले. एकेचाळीस ओव्या उरल्या होत्या.

अध्याय अर्धा टाकून वाचणाऱ्याने उठू नये हे खरे. पण प्राणावर बेतले असता पानात तुळशीचे दल ठेवून पोथी मिटावी, अशी मोकळीक आहे. ती मीच कित्येकांना सांगितली आहे. मग मी का उठलो नाही? हे मी कोणाजवळ बोललो नाही. त्या दिवशी माझा आवाज लागला होता. समोर तिघेच म्हातारे होते, पण ते डोलत होते. मला तो आवाज सोडवेना. मी त्या ओव्या घाईनेही वाचल्या नाहीत.

खाली उतरलो तेव्हा पार नेणारी तर काठालाच होती. शेवंतीने ती माझ्यासाठी धरून ठेवली होती. घरी पोचलो तेव्हा जानकी गेली होती.

तेराव्याला तुझ्या मामाने सर्वांदेखत विचारले, "निरोप वेळेवर का नाही पोचला?" माझ्या आधी शेवंती बोलली: "तर गावली नाय, माका उशीर झालो." मी मान खाली घालून दर्भाची काडी मोडत बसलो. ते तिघे म्हातारेही गप्प राहिले आणि यथाकाल वारले. पुढे विहिरीवर बायका हसून एकमेकींना सांगत, "शेवंतीच्या हातान निरोप धाडू नको, वरसान पोचतलो." मी शेजारून कळशी घेऊन जात असे. बावीस वर्षे.

आज सकाळी तिला बोलावून तुझी चौथी ओळ वाचून दाखवली. ती सुपारी कातरत होती.

"तसाच ऱ्हवांदे, भटजीनू," ती म्हणाली. "लोकांका सवय झाली हा."

"माझ्या तोंडून ते सिनेमात जाईल, शेवंती. गावोगाव ऐकतील."

"मगे तुमी काय करतलास?"

मी म्हणालो, "तू त्या दिवशी जे बोललीस ते या यंत्रात बोल."

"माझो आवाज कावळ्यासारो. सिनेमावाले पळान जातीत." असे म्हणून तिने अडकित्ता खाली ठेवला, पदर सारखा केला आणि पाठ ताठ करून बसली.

मी तीच पोथी काढली, तोच अध्याय, आणि वाचू लागलो. कोणत्या ओवीपाशी बोलायचे हे तिला सांगितले नव्हते. शब्दही तिने विचारले नाहीत. नेमक्या जागी ती बोलली: "भटजीनू, वयनीचा काय खरा दिसणा नाय. बेगीन येवा." मी पुढे वाचत राहिलो, कारण त्या दिवशी राहिलो होतो. सगळ्या एकेचाळीस ओव्या कॅसेटवर आहेत.

तुझ्या पाच ओळी त्यात नाहीत. तुला माझा आवाज हवा होता, तो हा. खाडी दाखव, तर दाखव, घरात एकटी पडलेली तुझी आई दाखव, आणि त्यावर हे वाचन चालू राहू दे. कोठे तोडायचे ते तू ठरव. हे ऐकल्यावर तुला माझ्याकडे यावेसे वाटले नाही, तर मी कारण विचारणार नाही. शेवंतीकडे मात्र ये.

आणखी एक. ती बोलली त्या क्षणी वाचता वाचता माझा डावा हात पुन्हा आपोआप वर गेला. बावीस वर्षांनंतरही. माझा मलाच इतका संताप आला की पुढची ओवी थरथरली. ती तशीच राहू दिली आहे. कॅसेटवर हात दिसत नाही, म्हणून लिहितो. तेवढा तू पडद्यावर दाखव.

हे पत्र जे वाचतील आणि तुझे चित्र जे पाहतील, त्या सर्वांना त्यांच्या दारी आलेली हाक पहिल्याच खेपेला ऐकू येवो, आणि ऐकताच उठण्याचे बळ मिळो.

तुझ्या आईचा आणि शेवंतीचा अपराधी,
तुझा बाबा
जयराम