ताईचा आवाज थोड्याच वेळात

३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
ताईचे पोटभर आशीर्वाद. पत्र पावले.

घशाची जखम भरली. डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि काम फार छान झालंय म्हणाले. छान म्हणजे, जे काढायचं होतं ते सगळं निघालं. सोबत माझा आवाजही गेला, पण तो त्यांच्या कामात धरलेला नाही. असो. श्वास घेता येतो, गिळता येतं, दुखत नाही. तक्रार करायला जागा नाही आणि करायचीच म्हटली तरी बोलता येत नाही.

आपण पत्रांवर आलो ते बरंच झालं. फोनवर तू एकटाच बोलत राहायचास आणि मी इकडून टिचक्या वाजवायचे. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. तिसरी चुकून वाजली की तुला वाटायचं मी रागावले. मेसेज करू का विचारलं तर तू म्हणतोस, त्या पडद्यावरची अक्षरं मुंग्यांएवढी असतात. बरं बाबा, कागद तर कागद.

एक गंमत सांगते. घरात बसून मला माझाच आवाज ऐकू येतो. खिडकी उघडली की समोर बसस्टँड, आणि मी निवृत्त झाले तरी तिथे अजून माझंच रेकॉर्डिंग लावतात. मी इकडे चहा गाळत असते आणि तिकडे मीच प्रवाशांना सांगत असते की गाडी थोड्याच वेळात फलाट क्रमांक तीनवर येत आहे. खोटारडी कुठली! नोकरीभर हेच केलं.

आता तुझ्या लेकीचं. ऑपरेशनच्या आधी टकळीने माझ्याकडून ढीगभर वाक्यं वाचून घेतली, ते तुला ठाऊकच आहे. मी फोनवर टाइप करायचं आणि फोनने माझ्या आवाजात बोलायचं, असं ते सॉफ्टवेअर. मी वाचली मात्र अशी की बस्स! ताठ उभी राहून, एका शब्दाला न अडखळता, स्टँडवर वाचायचे तश्शी. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, मावशी, एकही वाक्य पुन्हा घ्यावं लागलं नाही असं माणूस पहिल्यांदा बघतोय. तर ते जानेवारीत येणार होतं. आता कंपनीने कळवलंय, लवकरच. बारक्या, ही भाषा मला शिकवू नये कुणी. याचा अर्थ गाडी मागच्या गावाहून निघालेलीसुद्धा नाही.

फोनमध्ये सध्या एक तयार आवाज आहे, पंचविशीतल्या पोरीचा. त्यातून भाजीवाल्याला भाव विचारला, तर तो माझ्या मागे कोण उभं आहे ते बघायला लागला. तेव्हापासून बंद. तुझ्याशी तर त्या आवाजात मुळीच बोलणार नाही. बोलेन तर माझ्याच.

माझा अंदाज मार्चअखेर. तुझा कळव.

माया आहेच, तिची वेगळी आठवण करून देत नाही.
तुझी,
ताई

---

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
बारक्याचा शि. सा. न.

मार्चअखेर विसर. मी त्या पोरीचा बाप आहे, शिवाय एकाच घरात राहतो, त्यामुळे मला आतल्या बातम्या असतात. विचारलं तर ती काही सांगत नाही. लहानपणी झोपेतसुद्धा बडबडायची म्हणून आपण तिला टकळी म्हणायला लागलो, आणि आता आवाजाच्या कंपनीत लागली तर तोंडाला कुलूप. पण मी लक्षणं बघतो. सॉफ्टवेअरचं रिलीज जवळ आलं की ती जेवताना ताटात काय आहे ते बघत नाही, परवा तर चमचा चहात ढवळून मिठाच्या बरणीत ठेवला. रिलीज पुढे ढकललं की कपाटं आवरायला काढते. ताई, या आठवड्यात आमच्याकडे तीन कपाटं आवरून झाली, आता माझ्या रंगांच्या डब्यांवर तिची नजर आहे. म्हणून माझा अंदाज मे.

माझं काम चाललंय. हल्ली छापील बोर्ड स्वस्त पडतात, तरी एक शाळा आणि एक सलूनवाला अजून हातानेच पाटी रंगवून घेतात. सलूनच्या पाटीत एक ओळ जरा वर चढली. सलूनवाला म्हणाला, असू दे, उत्साही दिसते. मी पुसून पुन्हा काढली.

तुझ्या भाजीवाल्याची गोष्ट मी टकळीला सांगितली. ती हसली नाही. मग जाऊन चौथं कपाट उघडलं.

लोभ ठेव. वाढवायचा की नाही ते तुझ्या तब्येतीवर.
तुझा,
बारक्या

---

२२ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद, आणि त्यातला एक चष्म्याच्या दुकानात जाण्यासाठी.

तुझी मागची तीन पत्रं शेजारी शेजारी ठेवून बघितली. पहिल्यात पानावर वीस ओळी, दुसऱ्यात अकरा, परवाच्यात सहा. मला वाटलं जन्मभर पाट्या रंगवून सवय लागली आणि आता बहिणीलाही पाटीच पाठवतोस. पण परवाच्या पत्रातली चौथी ओळ कागद सोडून गेली आहे. कडेला शब्द अर्धाच आहे, उरलेला तुझ्या टेबलावर असेल. बारक्या, तुझी ओळ कधी वाकडी गेली नाही रे. काय झालंय ते नीट लिही. लपवलंस तर टकळीला विचारीन, आणि तिला विचारलं की ती कपाटं काढेल.

कंपनीचं नवीन पत्रक आलं. तांत्रिक कारणामुळे विलंब होत आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. मी वाचलं आणि मोठ्याने हसले, म्हणजे हसायची हालचाल केली. हे वाक्य मी पावसात, उन्हात, सर्दीत, ताप असताना वाचलंय. तांत्रिक कारण म्हणजे विचारू नका, आम्हालाही माहीत नाही. माझा अंदाज मी मागे घेते. तुझाही फार मनावर घेऊ नकोस.

उत्तर लवकर दे.
तुझी,
ताई

---

४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न.

तू विचारलंस म्हणून लिहितो, नाहीतर आणखी दोन पत्रं ढकलली असती.

डोळ्यांचं आहे. मोतीबिंदू नाही, तो असता तर काढून मोकळा झालो असतो. आतला पडदा झिजतोय. कडेचं दिसतं, नेमकं मधलं जातं. माणूस समोर उभा राहिला तर त्याचे कान दिसतात, तोंड नाही. डॉक्टर भला माणूस आहे, उगाच गोड बोलला नाही. म्हणाला, चालाल फिराल, पण वाचणं लिहिणं जाणार, आणि या वर्षातच. शाळेची पाटी मी दुसऱ्याला दिली.

तुझी पत्रं सध्या भिंग लावून वाचतो, एक शब्द, मग पुढचा शब्द. टकळी म्हणते मी वाचून दाखवते. एकदा ऐकलं. तिने बिचारीने चांगलं वाचलं, पण तू मला गाढव म्हटलेलं तिच्या तोंडून ऐकलं तर नुसती बातमी वाटली. मी तिला म्हटलं, राहू दे, मी बघतो माझं माझं.

तर असं आहे. तुला बोलता येत नाही आणि मला वाचता येणार नाही. मधे राहतो तो टकळीचा बोलणारा फोन. माझे डोळे आधी जातात की ते सॉफ्टवेअर आधी येतं, एवढाच प्रश्न आहे. मी फार विचार करत नाही. पण कपाट उघडल्याचा आवाज आला की हातातलं काम सोडून ऐकत बसतो, हे खरं.

तू रडू नकोस. तुला आवाज न करता रडावं लागेल आणि ते वाईट.

तुझा,
बारक्या

---

२८ एप्रिल

ती. आत्यास,
टकळीचा शि. सा. न.

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. सगळ्यांना वाटलं कोर्टाची नोटीस. तू सरळ विचारलंस, तेव्हा सरळच सांगते.

रिलीज मी अडवलंय. तुझा आवाज फेब्रुवारीतच तयार झाला होता. सगळे टाळ्या वाजवत होते. मी रात्रीचं जेवण सोडून ऐकत बसले तर लक्षात आलं, तो श्वासच घेत नाही. वाक्य लांब असलं तरी थांबत नाही, बोलतच सुटतो. दोन मिनिटं ऐकलं की ऐकणाऱ्यालाच गुदमरायला होतं. साहेब म्हणाले, लोकांना कळणार नाही. मी म्हटलं, माझ्या बाबांना कळेल. मग चूक नोंदवली, आणि ज्याने नोंदवली त्यानेच निस्तरायची असा आमच्याकडे नियम आहे. एक जागा दुरुस्त केली की दुसरीकडे भलतंच होतं. मागच्या आठवड्यात तो प्रत्येक शब्दानंतर धापा टाकत होता.

बाबांचं सगळं मला माहीत आहे. ते भिंग घेऊन खिडकीत बसतात आणि मी आले की भिंग खिशात घालतात. मीही काही दिसलं नाही असं करते. तारीख विचारू नकोस आत्या. घरी रोज न विचारता विचारणारा एक माणूस आहे, तेवढा पुरे.

तुझी माया राहू दे, मला सध्या तिची गरज आहे.
तुझी,
टकळी

---

११ मे

बारक्या,

आशीर्वाद.

जाड पेन आणलं. मोठं लिहिते. पानावर पाच ओळी, तुझ्यासारख्या. भिंगाशिवाय जमतंय का सांग.

माझा नवा आवाज श्वासच घेत नाही, म्हणून टकळीनेच तो अडवलाय. तिच्यावर चिडू नकोस. ती योग्य करते आहे. मीही तिच्यावर चिडले होते, आता नाही.

लोक विचारतात, आवाज आला की पहिलं काय बोलणार. काही नाही रे. मला तुला काही महत्त्वाचं सांगायचं नाही. मला तुला नुसतं झापायचं आहे, पूर्वीसारखं, रविवारी, अर्धा तास.

मला भीती वाटते, बारक्या. लिहून ठेवते. तुला दिसेनासं झालं आणि माझा फोन मुकाच राहिला, तर आपण दोघं जिवंत असून एकमेकांना सापडणार नाही.

अंदाज बांधायचं मी सोडलं. स्टँडवरसुद्धा शेवटी लोक चौकशीच्या खिडकीशी यायचं सोडतात आणि सामानावर बसून राहतात. तशी बसले आहे.

तुझी,
ताई

---

३० जून

ती. ताईस,
बारक्याचा शि. सा. न., जरा खाली वाकून, कारण अपराध घडला आहे.

हे पत्र मी पट्टीच्या कडेला पेन टेकवून लिहितो आहे. ओळ सरळ असेल, अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढली असतील. टकळीने लिहून देते म्हटलं, मी नको म्हटलं.

रविवारी फोन वाजला. टकळी तिच्या खोलीत होती. तिने मला काही सांगितलं नव्हतं, सांगितलं आणि पुन्हा बिघडलं तर, म्हणून. नंबर मला दिसत नाही. उचलला. बराच वेळ कोणी बोलेना, आणि मग एकदम खणखणीत आवाजात नमस्कार आला. मला वाटलं, आलं कर्जवाल्यांचं रेकॉर्डिंग. दिवसातून दोनदा येतं. ठेवून दिला.

पुन्हा वाजला. पुन्हा शांतता, पुन्हा तोच नमस्कार. या वेळी मी त्या रेकॉर्डिंगला चार शब्द सुनावले आणि मग ठेवला. ते शब्द तू ऐकलेस. त्याबद्दल काय लिहू?

तिसऱ्यांदा तू नमस्कार केला नाहीस. प्रवाशांनी सामानाकडे लक्ष द्यावे, अशा सुरात तू सांगितलंस की गाढवा, फोन ठेवू नकोस, मी ताई बोलत आहे.

ताई, मी फोन दोन्ही हातांनी धरला. मी रडलो, आणि आवाज करून रडलो. टकळी धावत आली, तिला वाटलं सॉफ्टवेअर बिघडलं. वही काढून विचारायला लागली की नक्की कुठे अडकलं. मी म्हटलं, काही अडकलं नाही, मला ऐकू दे.

मग ती पण ऐकायला बसली आणि तिने कपाळाला हात लावला. तू ती सगळी वाक्यं स्टँडवर वाचतेस तशी वाचलीस ना, म्हणून आवाज तुझाच आला, पण ड्यूटीवरचा. घरातली ताई त्यात आलीच नाही. मी तुझं अर्धा तास झापणं ऐकलं, पथ्य पाळत नाही, चष्मा वेळेवर लावला नाही, टकळीला राबवतोस, आणि प्रत्येक वाक्याला वाटत होतं की आता फलाट क्रमांक येणार. श्वास मात्र बरोबर घेतेस. मी मोजून पाहिलं नाही, पण मला कुठे गुदमरलं नाही. टकळीला तसं सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

एक तुला कळलं का माहीत नाही. तुझी खिडकी उघडी होती. मागून स्टँडवरची तूही बोलत होतीस. एक ताई गाडी येत आहे म्हणत होती आणि एक ताई मला गाढव म्हणत होती, दोघींचा सूर तोच. मला दोघीही चालतील.

टकळी म्हणते, घरगुती सूर पुढच्या आवृत्तीत बसवायचा प्रयत्न करू. कधी, तर लवकरच. मी म्हटलं, घाई नको, तू जेव.

हे पत्र शेवटचं. तू मोठ्या अक्षरात लिहिलंस तेही आता मधून मधून जातं. तेव्हा उत्तर लिहू नकोस, फोन कर. वाक्य टाइप करायला तुला वेळ लागतो, तेवढा वेळ इकडे काहीच ऐकू येत नाही. मी कानाला लावून बसतो. टकळी दारातून डोकावते, तेव्हा मीच तिला सांगतो, ताईचा आवाज थोड्याच वेळात येत आहे.

कितीही वेळ लाव. मी ठेवणार नाही.

तुझा,
बारक्या