परत येण्याचं कारण

ती. माई,

वाकून नमस्कार. (कंबर सध्या बरी आहे, तेव्हा खरोखर वाकून.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधता, की कपाटात घडी करून ठेवलाय? इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे तुम्ही फोन आपटलात त्याच्या आदल्या दिवसापर्यंत होतो. त्यानंतर मी किती वेळा केला, तुमच्या बंधूंनी केला, चिरंजीवांनी त्यांच्या गावाहून केला, तुम्ही एकाचाही उचलला नाहीत. म्हणून पत्र. पत्र मध्येच तोडता येत नाही. (फाडता येतं, पण तुम्ही कागद फाडणाऱ्यांतल्या नाही, पाठकोरी बाजू वापरायला ठेवता.)

तुमचा राग बरोबर आहे. भावाची बायको परदेशी निघाली ही बातमी घरच्या कुणी सांगायच्या आधी व्हिसाच्या ऑफिसातली कोण कुठली बाई फोनवर सांगते, म्हटल्यावर कुणाचंही डोकं फिरेल. पण ‘माईंना शेवटी सांगायचं’ असं ठरलं नव्हतं हो. ‘मिळाला तर सांगायचं’ एवढंच ठरलं होतं. नसता मिळाला तर तुम्ही “बरं झालं, ब्याद टळली” म्हणाला असतात, आणि नेमकं ते ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. तर आता पहिल्यापासून सांगते. चहा करून घ्या, वेळ लागेल.

मी दवाखान्यामागच्या खोलीत बसून लोकांचे दात करते हे तुम्हाला माहीत आहे, पण ती खोली तुम्ही पाहिलेली नाही. एक लांबट टेबल, एक दिवा, एक छोटी भट्टी, आणि चहूकडे प्लास्टरचे जबडे, सगळे आ वासून. इतकी वर्षं मी तिथे मेण वितळवते, साचे भरते, दात घासते. त्यातलं रंगाचं काम मला सगळ्यात आवडतं. दात पांढरा नसतो, माई. मुळाशी पिवळसर असतो, टोकाला किंचित निळा, आणि मधल्या रंगाला नावच नाही. तो रंग थरावर थर देऊन भाजावा लागतो. तर तिकडे एक शाळा आहे, तिथे फक्त हेच शिकवतात, सहा आठवडे. जगभरातून जेमतेम डझनभर माणसं घेतात. मी माझे सहा दात डबीत घालून पाठवले (म्हणजे मी केलेले, माझे माझ्यापाशीच आहेत) आणि विसरून गेले. एक दिवस उत्तर आलं की या, तुम्हाला घेतलंय, फी सुद्धा माफ. मी ते आमच्या डॉक्टरसाहेबांकडून तीनदा वाचून घेतलं, कारण मला वाटत होतं की मधे कुठेतरी ‘नाही’ आहे आणि ते गाळताहेत.

मग व्हिसा. झेरॉक्सच्या दुकानाला लागून एका गृहस्थांचं ऑफिस आहे, आम्ही त्यांना व्हिसावाले म्हणतो. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, “मुलगी कुठे आहे?” मी म्हटलं, कोणती मुलगी? म्हणाले, “शिकायला जाणारी.” मीच, म्हटल्यावर त्यांनी पंखा वाढवला. मग नीट समजावलं की तरुण पोरांना शिकायला चाललोय हे पटवावं लागतं, तुम्हाला मात्र शिकून परत येणार हे पटवावं लागेल. थोड्या दिवसांच्या व्हिसाचा सगळा जीव त्या परत येण्यात आहे. “परत यायचं भक्कम कारण काढून ठेवा,” म्हणाले, जसं काही ते माळ्यावर ठेवलंय.

अर्जाला लावायला फोटो काढायचा होता. फोटोवाला म्हणाला, हसायचं नाही, दात दिसता कामा नयेत. आयुष्यभर लोकांना हसता यावं म्हणून राबले, आणि माझ्याच फोटोत दात चालत नाहीत! मी ओठ असे आवळले की फोटोत मी कुणाचा तरी खून करून आलेय आणि पुन्हा करणार आहे असं वाटतं. तुमच्या बंधूंना दाखवला. “छान आलाय, अगदी तुझ्यासारखा,” म्हणाले. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

मुलाखतीची तालीम घरीच झाली. तुमचे बंधू अधिकारी झाले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, स्वयंपाकघराच्या खिडकीमागे बसले आणि चष्मा नाकावर घेऊन मला असे काही प्रश्न विचारायला लागले की हा माणूस जन्मभर चुकीच्या नोकरीत होता असं वाटावं. दोन वेळा त्यांनी माझा अर्ज नाकारला. तिसऱ्यांदा मी गॅस बंद केला, तेव्हा मंजूर केला.

प्रत्यक्ष दिवशी मी नमुन्यासाठी एक पूर्ण कवळी डबीत घालून पर्समध्ये ठेवली होती. कुणाला शंका आली तर दाखवता येईल, हा माझा हिशेब. दारावरच्या रखवालदाराने पर्स मशीनमध्ये घातली आणि पडद्याकडे बघत तसाच थिजला. डबी उघडायला लावली. उघडली, तर आतून कवळी हसतेय.

“कुणाची आहे?” त्याने विचारलं.

“अजून कुणाचीच नाही,” मी म्हटलं. (खरं तेच सांगितलं, पण सूर चुकला असावा.)

त्याने साहेबाला बोलावलं, साहेबाने मोठ्या साहेबाला. तिघांनी मिळून डबीला एक बिल्ला बांधला, मला दुसरा दिला आणि डबी मोबाइलच्या कप्प्यात ठेवून टाकली. माझ्यामागे रांगेतला एक पोरगा मला म्हणाला, “काकू, तुम्ही पुढे जा,” आणि स्वतः चार पावलं मागे सरला.

काचेपलीकडे एक बाई होत्या. तिशी-पस्तिशीच्या, आवाज मऊ, नजर कडक. त्यांचा पहिला प्रश्न, या वयात विद्यार्थी कशा? मी म्हटलं, शाळेने वय विचारलं नाही, दात मागितले. हे त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, “माझ्या डोळ्यांकडे बघून बोला. काही लपवायचंय का?” आता काय सांगू, माई! समोरचा बोलायला लागला की माझी नजर सरळ त्याच्या तोंडात जाते, ती धंद्याची सवय आहे. मग मी त्यांच्या डोळ्यांकडे अशी टक लावून बघायला लागले की त्याच जरा मागे सरकल्या.

आणि आला तो प्रश्न. परत कशासाठी याल? मी पाठ केलेलं म्हणायला लागले. मुलगा आहे. तर म्हणाल्या, तो तर दुसऱ्या गावी नोकरी करतो, त्याला तुमची रोजची गरज काय? घर आहे. ते कुणाच्या नावावर? यजमानांच्या. बरं, यजमान. “तुमच्यावाचून त्यांचं अडतं का?” मी शपथेवर बोलत होते, तेव्हा म्हटलं, नाही, उलट मी नसले की ते वेळेवर झोपतात. नोकरी? तिकडे शिकून आल्यावर तिकडेच जास्त चांगली मिळेल की, त्या म्हणाल्या. त्या एकेक कारण पुसत गेल्या आणि मी उघडी पडत गेले. एवढी वर्षं संसार केला, आणि परत यायला एक कारण हाती लागेना. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. ते टोपण लागताना बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “माझी नणंद आहे.”

“नणंदेचं काय?”

मग मी सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी माहेरी गेले, आईने ‘राहा गं अजून दोन दिवस’ म्हटलं आणि मी राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तुम्ही दारात उभ्या. पाण्याला नाही म्हणालात, बसलासुद्धा नाहीत. “चल, त्याला मोजे सापडत नाहीत,” एवढंच. बाई ऐकत राहिल्या. “पण परदेशात कशा येतील त्या?” मी म्हटलं, तुम्ही व्हिसा दिलात तर विमानाने येतील. नाही दिलात तरी येतील, कशाने ते मला माहीत नाही.

त्या हसल्या. (समोरच्या दोन दातांत बारीकशी फट आहे, शोभते.) त्यांनी तुमचा नंबर मागितला. मला वाटलं, गंमत करताहेत. देऊन टाकला, डबी सोडवली आणि घरी आले. तुम्हाला त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं, हे कबूल. पण कसं सांगावं याचा विचार करण्यात दोन दिवस गेले, तेवढ्यात त्यांनी फोन केलासुद्धा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मला कसं कळलं ते माहीत नाही. चार दिवसांनी मला परत बोलावलं. त्याच बाई, त्याच काचेपलीकडे. “तुमच्या नणंदेशी बोलले,” म्हणाल्या, “म्हणजे त्या बोलल्या.” पहिल्यांदा तुम्ही “आम्हाला कार्ड नको” म्हणून फोन ठेवलात. दुसऱ्यांदा, एवढी शिकलेली मुलगी लोकांच्या घरात भांडणं का लावतेस, असं विचारलंत. तिसऱ्यांदा त्यांनी कसंबसं सगळं सांगितलं, आणि तुमची भावजय परत न येण्याची शक्यता वाटते का, असं विचारलं. त्याचं उत्तर त्यांनी शब्दन् शब्द लिहून घेतलं होतं. मला वाचून दाखवलं. “दूध गॅसवर ठेवून जी शेजारी जात नाही, ती घर टाकून जाईल? सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे. एक दिवस वर झाला तर तुमच्या ऑफिसात येऊन बसेन आणि तुमच्याकडून वसूल करेन.”

इथपर्यंत मी मान डोलावत होते, हे सगळं ओळखीचंच होतं. मग त्यांनी कागद उलटला. पुढे तुम्ही म्हणालात म्हणे, “पण जाऊ द्या तिला. हात चांगला आहे तिचा. मी आत्ता तुमच्याशी बोलतेय ना, ते तिच्याच दातांनी बोलतेय.”

माई, तुमची कवळी मी केली त्याला आता कितीतरी वर्षं झाली. डोळे तपासायला म्हणून आला होतात आणि माप पुढे दवाखान्यातच दिलंत. सख्ख्या भावाला कळू दिलं नाहीत. मला “बरी बसलीय” याच्यापुढे एक अक्षर बोलला नाहीत. आणि एका परक्या बाईला, फोनवर, माझ्यासाठी... मला काचेसमोर रडू आलं. बाईंनी टिश्यूचा डबा पुढे केला, पण तो खालच्या फटीतून येईना. मग त्या एकेक टिश्यू काढून आत सारत बसल्या, आणि मागे रांग खोळंबली. सगळ्यांना वाटलं, हिला नाकारलं. पासपोर्ट उघडला तर आत व्हिसा होता.

तर असं झालं. फोन उचलत नाही आहात, रागावलेल्याही आहात. पण बोलायचं होतं तिथे बोललात. मी काय लिहू? गुडघ्याला पट्टा बांधा.

तुमची,
भावजय

ता. क. दातांचं तुमच्या बंधूंना कळलेलं नाही. हे पत्र मी त्यांना दाखवणार नाही, पाकीटही मीच चिकटवलंय. त्यांच्या जेवणाची काळजी नको. त्यांना तीन पदार्थ येतात, त्यातला एक चहा आहे.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे हे सांगायला पत्र लिहायला घेतलं आणि दुसरंच लिहीत बसले. मी परत येईन याची आता सगळ्यांना खात्री आहे, सरकारी शिक्क्यासकट. पण मी जाईन का, हे कुणीच विचारलं नाही. पासपोर्ट हातात आल्यापासून मला घास जात नाही. एकटी मी कधी शेजारच्या गावीसुद्धा राहिले नाही. डॉक्टरसाहेब “जपून जा” म्हणतात, चिरंजीव “आई, नाही जमलं तर लगेच ये” म्हणतो, आणि तुमचे बंधू रोज बॅगेचं वजन करतात. विमानतळावर हे सगळे असेच गोड वागले, तर मी दारातूनच माघारी फिरेन. पुढच्या रविवारी पहाटेचं विमान आहे. तुम्ही शनिवारी या. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नका, पण दारापर्यंत चला, आणि मी मागे वळून बघितलं की डोळे वटारा.