टाकीतली जस्ताची कांडी

७ जाने. ६३, सोम. ढाणकी
गाडीतल्या गरम पाण्याच्या टाकीच्या नळातून पुन्हा लाल पाणी. फिरत्या दवाखान्याची आमची गाडी सकाळपासून बाजाराच्या मैदानात उभी. एका पोरीचं पहिलं बाळंतपण गाडीतच. तिच्या सासूने गरम पाणी पाहिलं आणि हात आडवा घातला. "हे रगताचं पाणी माह्या सुनेले नको लावू." टाकीचा जंग आहे म्हटलं, ऐकेना. शेवटी बाहेर चूल मांडून भगुण्यात पाणी उकळलं. मुलगी झाली. दोघी बऱ्या.
डॉ.सा. म्हणाले, "टाकीतली जस्ताची कांडी संपली असेल. नागपूरच्या वर्कशॉपला लिहितो." दिवाळीतही लिहिलं होतं.

९ जाने., बुध.
दारव्ह्याहून बाबांचं कार्ड. नर्सिंगच्या वरच्या ट्रेनिंगला माझं नाव लागलं! नागपूर. २८ ला हजर. माय साऱ्या मोहल्ल्यात सांगत फिरून राह्यली म्हणे.
फक्त डॉ.सा.नी मोकळं करायला पाहिजे. गाडीतल्या सामानाचा चार्ज माझ्या नावावर. विचारलं तर, "टाकी अशी सोडून कसं जाता येईल, सिस्टर? नीट झाली की बघू." म्हणजे हो की नाही?

११ जाने., शुक्र.
टाकी गार करून रिकामी केली. ड्रायव्हर रामधनभाऊंनी पाना आणून दिला, पण हात लावला नाही. बूच हलेना. रॉकेल सोडून थांबले, मग पान्यावर पाय देऊन जोर केला, तेव्हा सुटलं. आत कांडी कुठली, नुसती तार, तिला दोन-चार कपचे. जस्त असेतोवर पाणी त्यालाच खातं, लोखंडाला सोडतं. आता लोखंड खाऊन राह्यलं. तळातून घमेलंभर खार काढला.

१४ जाने., सोम.
नागपूरचं उत्तर. चीनच्या लढाईमुळे जस्त मिळत नाही, वाट पाहा.
बाकावर आडवं झालं की पाय गाडीच्या दाराला टेकतात. कपड्यांना, पोळीला, सगळ्याला रॉकेलचा वास. मागे गावात खोली बघायला गेले होते. आधी नाव विचारलं, मग आडनाव, मग खोली रिकामी नाही म्हणाले. तेव्हापासून हेच घर.

१६ जाने., बुध. दारव्हा
रामधनभाऊंनीच सांगितलं, कापसाच्या जिनिंगच्या बॉयलरमध्येही जस्त टाकतात. औषधं आणायला दारव्ह्याला यायचंच होतं. तिथल्या जिनिंगच्या फिटरने जस्ताच्या जुन्या लादीचा तुकडा कापून, घासून कांडी करून दिली, बुचात बसवून. घरी जरा वेळ गेले. मायने नवी चादर, लोटा, सगळं काढून ठेवलंय. डॉ.सा.नी अजून मोकळं केलेलं नाही, हे तिला कसं सांगू?

१८ जाने., शुक्र. ढाणकी
कांडी बसवली. गळू नये म्हणून बुचाच्या आट्यांवर सूत आणि सफेदा. टाकी भरली, एक थेंब गळला नाही. तापवून नळ सोडला. स्वच्छ पाणी.
डॉ.सा. खूश. "आता तर तुम्हाला सोडणं अवघडच. टाकी कोण पाहणार?" चेष्टा वाटली. नव्हती. उमरखेडचा कँप होईपर्यंत थांबा म्हणतात. कँप फेब्रुवारीत. मी माझ्याच हाताने...

२१ जाने., सोम.
रामधनभाऊंना म्हटलं, कांडी बदलायला शिकून घ्या.
"नाही शिकत."
"काहून?"
गाडीची काच पुसता पुसता म्हणाले, "घरवालीचे दिवस भरत आले, बाई. मांगचं लेकरू पोटातच गेलं. मी शिकलो त तुमी जासान."
म्हणून त्या दिवशी पान्याला हात लावला नव्हता. राग आला. कोणाचा आला तेही सांगता येत नाही. डॉ.सा., रामधनभाऊ, तिकडे माय, तीन जण तीन बाजूंनी धरून आहेत, आणि तिघंही माझ्याशी चांगलंच वागतात.

२३ जाने., बुध.
रामधनभाऊ सकाळी आपणहून आले. "दाखवा."
पाणी सोडण्यापासून सारं त्यांच्याकडून करून घेतलं. पहिल्यांदा आटे तिरपे बसले, पाणी गळलं. दुसऱ्यांदा नीट. तीन-तीन महिन्यांनी काढून पाहा, अर्ध्याहून बारीक झाली की बदला, सांगितलं. मान डोलावली. एकदम असं कसं, विचारलं.
"घरवाली म्हणे, बाईले अडवू नका."

२५ जाने., शुक्र.
डॉ.सा.नी रामधनभाऊंना बोलावून विचारलं, टाकी कोण पाहील. "मी पायतो साहेब. मले येते."
कँपचं आणि चार्जचं मी बघतो म्हणाले, मला मोकळं केल्याच्या कागदावर सही झाली. कागद हातात आहे. आनंद व्हायला पाहिजे.

२७ जाने., रवि.
पहाटेच तांड्यावर गेले, रामधनभाऊंच्या बायकोला पाहायला. मूल आडवं. पोटावरून फिरवून पाहिलं, फिरत नाही. कळा आज-उद्या लागतील. गाडीत घालून यवतमाळच्या दवाखान्यात नेऊ म्हटलं, तिची सासू ऐकत नाही. "आमच्या घरात कोणी दवाखान्यात बाळंत नाही झालं." रामधनभाऊंची बायको स्वतः भिंतीकडे पाहत म्हणाली, "तुमी जा, बाई."
उद्या हजर व्हायचं, म्हणजे आजचीच एस.टी. नाही गेले तर सीट जाईल, हेही खरं. सासूला पुन्हा समजावलं. "इचारून सांगतो" म्हणाली. कोणाला विचारणार, कळलं नाही.
आत्ता रामधनभाऊ विचारून गेले, एस.टी.वर सोडू का.
थोडं थांबा म्हटलं.