इंदूच्या गाण्याचा वीट आणि घराचा अर्धा हिस्सा

मी, चंद्रभान धोंडबा सोमकुवर, वय अंदाजे सदुसष्ट (जन्माची नोंद कोणी केली नाही), पूर्वी कापड गिरणीत विणकर, आता निवृत्त, राहणार इंदोरा, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. दम लागतो, पण दम्याने अक्कल जात नाही असे डॉक्टरनेही सांगितले आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. बायको दाराशी तांदूळ निवडत बसली आहे व मधूनमधून 'काय लिवलं?' असे विचारते, तो दाब धरू नये.

सन १९८० साली मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात माझी मुलगी इंदू हिला घरातून आणि भांड्याकुंड्यांतून काढून टाकले होते. ते या लेखाने रद्द समजावे. राग गेला म्हणून रद्द केले, असा अर्थ कोणी काढू नये. राग आहे तसाच आहे.

कलम १. इंदोऱ्यातील माझे घर, म्हणजे दोन खोल्या, ओसरी, अंगणातला नळ व निंबाचे झाड, ही माझी स्वकष्टार्जित मालमत्ता आहे. माझ्या पश्चात ती माझी पत्नी बायजाबाई हिच्या ताब्यात तिच्या हयातीपर्यंत राहील. तिला कोणी उठवू नये, भोपाळला नेऊन एका खोलीत बसवून ठेवू नये. तिच्यानंतर मुलगा मनोहर व मुलगी इंदू यांना घर निम्मे निम्मे मिळावे.

कलम २. मनोहर भोपाळला सरकारी कचेरीत आहे. चांगला मुलगा आहे, पैसे वेळेवर पाठवतो. पण घरी आला की खिडकी लावून घेतो आणि म्हणतो, "बाबा, आपल्या लोकांची गाणी म्हणजे नुसती आरडाओरड. शेजारी काय म्हणतील?" ज्या आरडाओरडीने त्याच्या बापाला अक्षरओळख दिली व बापाने त्याला कॉलेजात घातले, तिची त्याला लाज वाटते. मला त्याच्या लाजेची लाज वाटते. तरी हिस्सा तो हिस्सा. त्यात कमीजास्त नाही.

कलम ३. माझी गॅसबत्ती इंदोऱ्याच्या विहाराला द्यावी. तिची काच नवी आहे. ही बत्ती काय आहे ते लिहिल्याशिवाय पुढचे कळणार नाही, म्हणून लिहितो.

धम्मदीक्षेच्या पुढच्या वर्षी, म्हणजे १९५७ साली, आमच्या वस्तीत कामठीची नवप्रकाश गायन पार्टी आली. बैलगाडी उभी करून तिचाच मंच केला होता. वीज नव्हती. माझ्याकडे लग्नात बत्त्या भाड्याने देणाऱ्या माणसाकडून घेतलेली जुनी बत्ती होती, म्हणून मला गाडीजवळ उभे केले. पेटी, ढोलकी, बेंजो, आणि गाणारा नत्थू गजभिये. नत्थू कामठीला माग चालवायचा. त्याचा आवाज गोड नव्हता. वाळक्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा तो शब्दावर बसे. त्याने गाणे उचलले:

आडात वाकून पाहिलं गा, तोंड माझं दिसलं,
पाणी काही बाटलं नाही, पाणी गोड हसलं.

माझे गाव मौद्याकडचे. तिथे पाटलाच्या वाड्यात आड होता. माझी आई तुळसाबाई घागर घेऊन वाड्याबाहेर उभी राही. घरातले कोणी आले व मनात आले, तर वरून ओतत. नाही आले तर ती उन्हात तशीच उभी. मी तिच्या लुगड्याला धरून उभा असे. तो आड आतून कसा दिसतो हे मी जन्मात पाहिले नव्हते, आणि हा माणूस गाडीवर बसून सांगत होता की त्यात माझे तोंड आहे. बत्ती माझ्या हातात हलली, सगळ्या मंडळींच्या सावल्या भिंतीवर नाचू लागल्या. लोक ओरडले, "उजेड नीट धर ना गा!"

त्या दिवसापासून मी त्या पार्टीचा झालो. गिरणीतून सुटलो की सायकलला बत्ती बांधायची आणि जायचे. कामठी, मौदा, काटोलपर्यंत गेलो आहे. पार्टीची गाण्यांची पुस्तिका निघे. गाणी पाठ होतीच, म्हणून कोणता शब्द कुठे आहे ते बोट ठेवून ओळखत गेलो, आणि असा वाचायला शिकलो. मला दुसरा मास्तर मिळाला नाही.

इंदू माझ्या खांद्यावर झोपून कार्यक्रमांना येई. मोठी झाली तशी घरात भाकरी थापताना गाऊ लागली. नत्थूने तिला ऐकले व म्हणाला, "पोरगी पार्टीत दे." दिली. पुढे त्याच्या मुलाला, श्रीधरला, दिली. लग्नात मी इतका आनंदात होतो की बायजाबाईने मला दोनदा सांगितले, "अजी, नवरदेव तुमी नाही."

कलम ४. आता तक्रार.

नत्थूच्या छातीत मागाचा कापूस बसला आणि आवाज गेला. पार्टी श्रीधर व इंदूकडे आली. श्रीधरने आधी पेटी काढून टाकली व जपानी बाजा आणला. त्याचे बटण दाबले की कोंबडीच्या पिलावर पाय पडल्यासारखा आवाज येतो. ढोलकीवाला घरी बसला, त्याचा ताल आता डब्यातून निघतो. डबा दमत नाही, घाम गाळत नाही, आणि गाण्यात काय चालले आहे याची त्याला खबर नसते. लाल-हिरवे दिवे आले. श्रीधर चकचकीत सदरा घालून कंबर हलवतो. दुःखाच्या कडव्यावरही हलवतो. मला ते बघवत नसे. तरी मी जात होतो, कारण मुलगी माझी होती.

मग १९८० ची निवडणूक आली. मौद्याकडच्या एका सभेत पार्टी गाणार असे कळले. मी एस.टी.ने गेलो. मंचावर उमेदवाराला पाहिले. ज्या वाड्याबाहेर माझी आई घागर घेऊन उभी राही, त्या वाड्यातला तो नातू. खादी घालून हात जोडत होता. आणि माझी इंदू माईकजवळ आली व तिने गायले:

आडात वाकून पाहिलं गा, चिन्ह तुमचं दिसलं.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी खुर्च्यांतून उठून ओरडलो, "बंद करा हे!" दोघांनी मला धरून मंडपाबाहेर काढले. इंदूने पाहिले. गाणे थांबवले नाही.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. मी म्हणालो, "आजीच्या घागरीत थुंकून आली तू."

ती म्हणाली, "बाबा, उमेदवार कोन हाय हे आम्हाले मंचावर चढल्यावर समजलं. उतरलो असतो त पुढचं बोलावनं नसतं आलं."

"नाही आलं तर नाही. नत्थू काय उपाशी मेला?"

"मेले नाही, पन उपाशीच होते. तुमी बत्ती धरून उभे राहत होते ना? त्या उजेडात मंडळींचे पोट दिसले नाही तुम्हाले? माही सासू अंगात ताप घेऊन घरी पडली होती, आन् मामंजी काटोलले गात होते. वापस आले तवा ती गेली होती. तुमी त्या रात्री गाणं आयकून रडले म्हने. चांगलं गायले असंन."

मी तिला घराबाहेर जा म्हणालो. ती गेली. मग मी वकिलाकडे गेलो आणि पहिले मृत्युपत्र केले.

कलम ५. त्यानंतर पाऊसपाणी सरल्यावर नत्थू कामठीहून बसने आला. दोन पावले चालला की खोकत होता. ओसरीवर बसला, चहा घेतला, आणि मी माझे सगळे गाऱ्हाणे सांगितले. पार्टी सडली, चाली सिनेमाच्या झाल्या, पूर्वी कसे शुद्ध होते, वगैरे.

नत्थू म्हणाला, "आडाची चाल कोठची होती मालूम हाय का तुले?"

"तुझी. आणखी कोणाची?"

"सिनेमाची गा. टॉकीजच्या मांगच्या भितीले कान लावून आयकली म्या. तिकिटाचे पैसे नव्हते. तू कधी टॉकीजात गेला नाही म्हनून तुले ते शुद्ध वाटलं."

मला हसावे की त्याला ओसरीवरून ढकलावे हे समजेना. मी म्हणालो, "तू मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस."

"तू पुसलं कधी? तू त डोये मिटून उभा राहे."

मग तो म्हणाला, "बरं, एक सांग. पार्टीचं गाणं तुले मनापासून आवडलं, ते अखेरचं कधी?"

मी आठवू लागलो. श्रीधरचा बाजा येण्याच्या आधीच कधीतरी. नत्थूचा आवाज शाबूत असतानाच. आतून बायजाबाई बोलली, "मी सांगू का? आंगनात नळ आला तवापासून यायले कोन्तंच गाणं गोड लागत नाही. पहिले गाणं आयकून आले की रातभर बोलत राहत. नळ आल्यावर आले की म्हनत, पेटी बेसूर होती."

मी तिला म्हणालो, "म्हणजे नळ आला म्हणून आड विसरायचा?"

"तुमी विसरले असं नाही म्हनत मी. तुमाले तहान नाही लागत, इतकंच म्हनून राहिली."

नत्थू हसला व खोकला. मला दोघांचाही वीट आला. हे मी नमूद करून ठेवतो, कारण त्यांचे म्हणणे मी मान्य केलेले नाही. ऐकणारा बदलला म्हणून चिन्हाचे गाणे चांगले होत नाही. घाण ती घाणच. पण चिन्हाच्या गाण्याच्या कितीतरी आधी माझे मन उडाले होते, आणि त्याचे खापर मी पोरीच्या डोक्यावर फोडले, एवढे बायजाबाईचे खरे असू शकते. असू शकते असेच लिहितो.

कलम ६. यंदाच्या दसऱ्याला बायजाबाईबरोबर दीक्षाभूमीवर गेलो. गावोगावचे लोक, पुस्तकांची दुकाने, कॅसेटी, खिचडीच्या रांगा. रस्त्याच्या कडेला एका मंचावर इंदू गात होती. शब्द जुनेच होते, तोंड माझं दिसलं, पाणी गोड हसलं. पण चाल नवी, नाचाची, आणि मागे तो डबा धाडधाड करत होता. माझ्या अंगावर शिसारी आली.

माझ्या शेजारी काटोलकडची एक बाई उभी होती. कडेवर पोर, डोक्यावर गाठोडे. हातांवर संत्र्याच्या झाडाच्या काट्यांचे ओरखडे. मी तिला सांगितले, "चाल बिघडवली यांनी. खरी चाल वेगळी होती."

तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. "चूप ऱ्हा ना बाबाजी, आयकू द्या."

आणि ती रडू लागली. गाठोडे डोक्यावर तसेच, पुसायला हात मोकळा नाही, पाणी गालावरून हनुवटीला येत होते. मी मंच सोडून तिच्याकडेच पाहत राहिलो. ती खोटे रडत नव्हती. आणि माझ्या कानात ते गाणे खोटेच वाजत होते. दोन्ही एकाच वेळी खरे कसे, हे मला अजून उमगलेले नाही. मृत्युपत्र करणाऱ्याला सगळे उमगलेले असावे असा कायदा नसावा.

गाणे संपल्यावर बायजाबाई मंचामागे गेली. मी रस्त्यावरच थांबलो. थोड्या वेळाने इंदू आली. केस आताच पांढरे होऊ लागलेत, आवाज बसलेला, घामाने ब्लाउज भिजलेला. त्या भांडणानंतर तीन वर्षांत आम्ही समोरासमोर आलो नव्हतो.

ती म्हणाली, "कसं वाटलं, बाबा?"

मी म्हणालो, "घाण."

"बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "उन्हात काहून उभे हाय? या, सावलीत बसा."

मी जाऊन बसलो. श्रीधरने खुर्ची दिली. त्याचा सदरा जवळून आणखी भयंकर दिसतो. इंदू पुढचे गाणे गायला परत गेली आणि मी तेही पूर्ण ऐकले. तेही घाण होते. पण ज्या मुलीला बाप तोंडावर घाण म्हणतो आणि ती त्याला सावलीत बसवते, तिला घरातून काढण्याइतका मी बिघडलेलो नाही. पार्टी बिघडली असो की मी, घराचा अर्धा हिस्सा इंदूचा आहे. त्याला कोणतीही अट नाही. तिने त्यात तालीम घेतली, डबा वाजवला, लाल दिवे लावले, तरी मनोहरने हरकत घेऊ नये. खिडकी लावून घ्यावी, त्याला ती सवय आहे.

कलम ७. सायकल नत्थूला द्यावी असे मनात होते, पण त्याला आता चालवता येत नाही. ती ढोलकीवाल्याला द्यावी. त्याला बिनकामाचा केला तेव्हा माझ्याशिवाय कोणाला वाईट वाटले नाही. पोस्टातील शिल्लक बायजाबाईची. गाण्यांच्या जुन्या पुस्तिका ज्याला हव्या त्याने न्याव्या. मनोहरने रद्दीत घालू नयेत.

कलम ८. माझी तेरवी करू नये. पिंड, कावळा, काही नाही. विहारातील भंतेजींनी वंदना घ्यावी. अंत्ययात्रेत नवप्रकाश पार्टीला बोलावू नये. जपानी बाजा माझ्या दाराच्या आत येऊ नये. मी अडवायला नसलो तरी हे पाळावे. इंदूला एकटीला, बिनबाजाचे, काही म्हणायचे असेल तर म्हणू द्यावे. कोणते म्हणायचे आणि कोणत्या चालीत, हे तिने ठरवावे. बरे झाले की वाईट, हे बायजाबाईने ठरवावे. ऐकायला मी नसेन.

वरील सर्व मजकूर मी पूर्ण शुद्धीत लिहिला, वाचला, आणि बायजाबाईला वाचून दाखवला. तिने दोन ठिकाणी 'असं नव्हतं' म्हटले. ती ठिकाणे मी बदललेली नाहीत.

मृत्युपत्र करणार : चंद्रभान धोंडबा सोमकुवर (सही)

आमच्यादेखत सोमकुवर यांनी सही केली व त्यांच्यादेखत आम्ही केली. या लेखाने आम्हा दोघांना काहीही मिळत नाही.

साक्षीदार :
१. नत्थू गजभिये, राहणार कामठी (सही)
२. मधुकरराव बोरकर, निवृत्त शिक्षक, राहणार इंदोरा (सही)

ठिकाण : नागपूर
दिनांक : २० नोव्हेंबर १९८३